गळती

आमच्या घरातली सगळ्यात मोठी परात स्वयंपाकघरात नसते, गाडीखाली असते. कणीक मळण्यासाठी घेतलेली ही ॲल्युमिनियमची परात २००० सालच्या सुमारास पार्किंगमध्ये बदली होऊन गेली ती परत आलीच नाही. आईनेही ती कधी मागितली नाही. मागितली असती तरी तिच्यातल्या कणकेच्या पोळ्या खायला कोण बसणार होतं?

गाडी म्हणजे वडिलांनी १९८५ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी. तेव्हा नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. मुलगी उपवर झाली की लोक स्थळं बघत आणि नोकरी पक्की झाली की पद्मिनीचा नंबर लावत. दोन्ही गोष्टींना साधारण सारखाच वेळ लागे. वडील गेले २०१७ साली. त्यानंतर गाडी माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर परात, तीन पाने आणि फरशीवरचा एक काळा डाग एवढी स्थावर-जंगम मालमत्ताही आली.

आता २०२५ साली नोंदणीचं नूतनीकरण आलं. पंधरा वर्षांनी एकदा आणि मग दर पाच वर्षांनी गाडीला ही परीक्षा द्यावी लागते. त्यातच सोसायटीच्या फलकावर सूचना लागली : ‘पार्किंगमध्ये तेल सांडणाऱ्या वाहनमालकाने योग्य ती दखल घ्यावी.’ नाव नव्हतं. पण आमच्या इमारतीत तेल सांडणारं वाहन एकच आहे हे पहिलीतल्या पोरालाही ठाऊक होतं. भंगारवाला येऊन गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून गेला. सौ. म्हणाली, “विचार करा.” आई काहीच म्हणाली नाही. ती काही म्हणत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

तसं पाहिलं तर गळती ही काही आमच्या पद्मिनीची जहागीर नव्हे. माणसाने फिरणाऱ्या दांड्याला ज्या दिवशी तेल लावलं, त्याच दिवशी ते बाहेर यायला लागलं असणार. आमच्या आजोबांच्या बैलगाडीला ओंगण लागायचं. ओंगणाचं नळकांडं गाडीलाच टांगलेलं असे. आखात एरंडेल आणि चिंध्या. ते तेलही गळायचंच, पण रस्ता मातीचा होता आणि सोसायटी नव्हती.

एरंडेलाला कमी लेखू नका. इंग्लंडात वेकफील्ड नावाच्या गृहस्थाने १८९९ साली वंगणाची कंपनी काढली आणि १९०९ साली त्यात एरंडेल घालून जे तेल विकलं त्याचं नाव कॅस्ट्रॉल. ते नावच मुळी एरंडेलाच्या इंग्रजी नावावरून पडलं. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांची इंजिनंही एरंडेलावर चालत. ती इंजिनं तेल पुन्हा वापरतच नसत; एका बाजूने घ्यायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर फेकायचं. म्हणजे गळती हा दोष नव्हताच, ती पद्धत होती! फेकलेलं तेल मागे बसलेल्या वैमानिकाच्या तोंडावर येई. त्याचे त्याच्या पोटावर काय परिणाम होत असतील हे ज्याने लहानपणी रविवारी सकाळी एरंडेल घेतलं आहे त्याला सांगायला नको.

फिरत्या दांड्याभोवती तेल अडवायचं कसं, याचं बरंसं उत्तर जर्मनीत वाइनहाइमच्या एका कातडी कमावणाऱ्या कारखान्याने दिलं. फ्रॉइडेनबर्ग हे त्याचं नाव. १९२९ च्या मंदीत कातड्याला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा त्यांनी त्याच कातड्याची तेल अडवणारी कडी करायला घेतली. वाल्टर सिमर नावाच्या अभियंत्याने तिला रूप दिलं, आणि पुढच्या दशकात कातड्याच्या जागी कृत्रिम रबर आलं. आज गॅरेजमधला पोऱ्या ज्याला ‘ऑइल सील’ म्हणतो ती वस्तू ही. म्हणजे मूळची चांभारकाम करणारी मंडळी मोटारीच्या कामी आली.

आणि आमचं इंजिन? त्याची कुंडली तर आणखी मजेची. १०८९ सीसीचं हे इंजिन फियाटने १९३७ साली इटलीत काढलं. इकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद. आमच्या नाशिक जिल्ह्याला ते रावळगावमुळे माहीत. तिथला साखर कारखाना त्यांनी १९३३ साली सुरू केला. साखर झाली, जहाजं झाली, विमानांचा कारखाना झाला, मग मोटार. इंग्रज सरकार काही दाद देईना, तरी १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढलीच. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्या अमेरिकन क्रायस्लरच्या जुळवणीच्या. फियाटशी संबंध जुळला तो नंतर. वालचंद १९५३ साली गेले. त्यांच्या मागे त्या फियाटची १९६४ मध्ये डिलाइट झाली, १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली, पण आतलं इंजिन जवळपास तेच राहिलं. चितोडच्या राणीचं नाव दिलं म्हणून काही इटालियन पिस्टन राजपूत होत नाहीत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीतली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आमची अजून अंबडात उभी आहे, गळत.

असो. पहिल्या गॅरेजवाल्याने टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं. आठ दिवस परात कोरडी. नवव्या दिवशी ओली. दुसऱ्याने चेंबरचं पॅकिंग बदललं, वरून शेलॅक चोपडला. परात पुन्हा ओली. तिसरा म्हणाला, “मागचं सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल.” आणि त्याने जो आकडा सांगितला त्यापेक्षा भंगारवाल्याचा आकडा फार लहान नव्हता. त्या रात्री मी ठरवलं, गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली तर गाडीच उतरवायची.

पण जाता जाता म्हणून एका मिस्त्रींकडे गेलो. अंबडच्या एमआयडीसीत उभी हयात फिटर म्हणून काढलेले, आता निवृत्त होऊन गरवारे पॉइंटच्या मागे एका शेडमध्ये बसतात. त्यांनी गाडीखाली डोकं घातलं, बोटाने तेल उचललं, वास घेतला, दोन बोटांत चोळलं.

“गिअरचं नाही. इंजिनचंच आहे. सर, पावडर आहे का?”

“कसली?”

“अंगाला लावायची.”

मला वाटलं, ह्यांना घाम आलाय. पण नाही. आधी इंजिन डिझेलने धुऊन, पुसून लखलखीत केलं. मग माझ्या नातवाच्या पावडरीचा अख्खा डबा त्याच्यावर शिंपडला. पद्मिनी आजेसासूबाई लग्नाला निघाल्यासारखी दिसायला लागली. “आता पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन या. तेल खाली टपकतं तिथून नाही गळत. वरून येतं, पंख्याच्या वाऱ्याने मागं जातं आणि मग खाली पडतं. टपका बघणारे फसतात.”

परत आलो. पांढऱ्या पावडरीवर काळी रेघ शोधायची होती. एक नाही, चार निघाल्या! टॅपेट कव्हरशी, चेंबरशी, मागे, पुढे. मी मनात भंगारवाल्याला फोन लावला. मिस्त्री मात्र खूश झाले.

“एक ठिकाणी गळतं तर पॅकिंग. चार ठिकाणी गळतं तर दम कोंडलाय.”

मग त्यांनी समजावलं. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा धूर खाली उतरतोच. तो बाहेर जायला इंजिनाला एक श्वासनळी असते, ब्रीदर. ती बंद झाली की आत दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर पडतं. पॅकिंग बदललं की दुसरी फट. आमच्या गाडीची नळी मागे कुठल्या तरी दुरुस्तीत खाली सोडून दिलेली होती. मिस्त्रींनी तिच्यात पकड घातली, पीळ दिला आणि काजळीने दगड झालेला एक बोळा बाहेर ओढला.

“हे कुणी कोंबलं?”

मी बोळा उलगडला. मधला थोडा भाग अजून हिरवा होता. कडेला काठ.

मिस्त्रींनी नळी साफ केली, दोन पॅकिंगं नवी घातली, आणि जे पैसे घेतले ते सांगितले तर पहिल्या तिघांना वाईट वाटेल. गिअरबॉक्स जागचा हलला नाही. गाडी परीक्षेतही पास झाली.

बोळा मी घरी नेला. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. चष्मा लावून तिने तो उजेडात धरला.

“माझी नाशिकची साडी. काठ गेले म्हणून चिंध्या केल्या होत्या.” मग थोडं थांबून म्हणाली, “मीच म्हटलं होतं त्यांना. त्या नळीतून तेल पडतंय, फरशीवर पाय घसरून मी मरेन एखाद दिवशी. दुसऱ्या दिवशी फरशी कोरडी! मला म्हणाले, बघ, केलं की नाही दुरुस्त?”

“मग परात?”

“ती महिन्याभराने न्यायला आले. कशाला हवी ते काही बोलले नाहीत.”

तिने उठून बादलीत साबणाचं पाणी केलं आणि चिंधी भिजत घातली. दोन दिवस भिजली. डाग काही गेला नाही, पण तिने ती दोरीवर वाळत घातली, घडी केली आणि गाडीच्या कप्प्यात ठेवायला माझ्याकडे दिली. परात मात्र धुवायला घेतली नाही. म्हणाली, “राहू दे तिथेच. तिची सवय झालीय गाडीला.”