मरळ
मरळ : गोड्या पाण्यातील शिकारी मासा. शास्त्रीय नाव चॅना मरुलियस, कुल चॅनिडी. फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ साली याचे प्रथम वर्णन केले. बालाघाटाच्या रांगेमुळे धाराशिव जिल्ह्याचे पाणी दोन दिशांना विभागले जाते, म्हणजे तेरणा मांजरेवाटे गोदावरीस, तर सीना व बोरी भीमेवाटे कृष्णेस मिळतात. आणि या दोन्ही खोऱ्यांत मरळ व त्याचे भाऊबंद आढळतात.

अंग लांबट व दंडगोल, डोके सापासारखे चपटे आणि मोठ्या खवल्यांनी आच्छादलेले, जबडा रुंद व तीक्ष्ण दातांचा, पाठीचा पर शेपटीजवळपर्यंत अखंड गेलेला व त्यात काटा म्हणून नाहीच, एवढ्या लक्षणांवरून मिशाळ शिवडा आणि पाठीवर सुट्या काट्यांची रांग बाळगणारी वाम यांपासून हा मासा सहज निराळा ओळखता येतो. खरा घोटाळा सख्ख्या जातींत होतो, कारण चॅना स्ट्रायाटा या तुलनेने लहान जातीलाही बाजारात मरळच म्हणतात. शेपटीच्या मुळाशी फिकट कडेचा काळा ठिपका असल्यास तो मोठा मरळ समजावा; मात्र वयोमानाने ठिपका पुसट होतो, तेव्हा पाठीच्या पराचे किरण मोजणे हाच खात्रीचा मार्ग : मोठ्यात ते सामान्यतः ४५ ते ५५ असतात, स्ट्रायाटात बहुधा त्याहून कमी.

कल्ल्यांवरील पोकळीतल्या साहाय्यक इंद्रियाने हा मासा हवेतील प्राणवायू घेतो, व त्यासाठी त्याला वरचेवर पृष्ठभागी यावेच लागते. ज्या गुणामुळे चैत्र-वैशाखात आटत चाललेल्या डबक्यात इतर मासे मरत असता तो तगून राहतो, त्याच गुणामुळे काठावर निश्चल बसलेल्या गळवाल्यास त्याचा ठावठिकाणा कळतो. जिवंत बेडूक अथवा लहान मासोळी मजबूत गळास लावून शेवाळाच्या कडेने हळूहळू ओढावी, आणि माशाने आमिष धरताच हिसका न देता ते गिळण्यापुरता अवकाश द्यावा. रोहू-कटल्याची बोटुकली फस्त करणारा म्हणून तलावाचा मक्तेदार त्याला शत्रू लेखतो, तरी जाळ्यात सापडलेला मरळ जिवंत विकता येत असल्याने भावही त्यालाच चांगला मिळतो.

विणीच्या हंगामात नर-मादी पाणवनस्पती बाजूस सारून घरटे करतात आणि तरंगती अंडी, पुढे पिलांचा थवा, डोळ्यांत तेल घालून राखतात. नारिंगी झाकेची ती पिले श्वासासाठी वर आली की पाणी खदखदल्यासारखे दिसते. तेथे गळ फेकल्यास राखणदार मासा भुकेने नव्हे, संतापाने झडप घालतो. ही रीत अचूक आहे, पण ती सर्वथा वर्ज्य मानावी, कारण मायबाप काढून नेल्यावर तो पोरका थवा इतर माशांच्या व पाणपक्ष्यांच्या तोंडी जातो.