बाळंतिणीचा न उतरणारा ताप

“बाळंतरोगाने गेली,” एवढे बोलून आमच्या लहानपणी वडीलधाऱ्या बायका गप्प होत. त्या एका शब्दाखाली किती निरनिराळी दुखणी झाकली गेली होती, हे मला पुढे वाचनातून समजले. त्यांतल्या एकाचीच हकीकत भगिनींना सांगते.

बाळंतपणात गर्भाशयात जंतू शिरले, म्हणजे क्वचित ओटीपोटातल्या शिरांत रक्त गोठते व त्या गुठळ्यांतच जंतू घर करतात. मग ताप हटत नाही, आणि गुठळीचा तुकडा सुटून फुफ्फुसात गेला तर जिवावर बेतते.

१८४७ साली व्हिएन्नाच्या इस्पितळात कोलेच्का नावाचे डॉक्टर शवविच्छेदनाच्या वेळी बोटाला सुरी लागून वारले. त्यांच्या शवात शिरांचा दाह आढळला. मेलेल्या बाळंतिणींतही तोच आढळे! त्यांचे मित्र सेमेलवाइस यांनी यावरून ताडले, की रोग डॉक्टरांच्या हातांनीच येतो. त्यांनी सर्वांना क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले.

पण जिच्या शिरांत गुठळी झालीच, तिचे काय? १९०२ साली लाइपझिगचे शस्त्रवैद्य ट्रेंडेलेनबुर्ग यांनी त्या शिराच बांधून टाकण्याचा उपाय मांडला. विष वर चढण्याची वाटच बंद करायची. जिला उठून बसण्याचे त्राण नाही तिच्यावर सुरी चालवायची, हे ऐकून अंगावर काटा येतो. पण त्या काळी दुसरा उपाय तरी कुठे होता?

१९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे मॅक्लीन या विद्यार्थ्याला कुत्र्याच्या यकृतात रक्त गोठू न देणारा पदार्थ सापडला. पुढे त्या शोधातून हेपारिन आले. १९४० नंतर पेनिसिलिनही आले आणि सुरी हळूहळू मागे पडली. हेपारिनने ताप उतरला तर रोग हाच, असेही डॉक्टर धरून चालत. १९९९ साली डॅलसच्या डॉक्टरांनी सुमारे ४५ हजार बाळंतपणांचा हिशेब मांडला. नैसर्गिक बाळंतपणात हा रोग ९००० त एकीला, तर पोट कापून केलेल्या बाळंतपणात ८०० त एकीला झालेला दिसला. १४ जणींची तुलना करता हेपारिनने ताप लवकर उतरला नाही. संख्या लहान, त्यामुळे वाद मिटलेला नाही. काही डॉक्टर ते अजून देतात.

आपल्या आळीत मात्र पाचव्या दिवसाचा ताप अजून “दूध भरल्याचा” ठरतो. जंतुनाशक औषधे चार-पाच दिवस देऊनही ताप राहिला, तर डॉक्टरांना ओटीपोटातल्या शिरांविषयी विचारावे, सी. टी. स्कॅनमध्ये गुठळी पुष्कळदा दिसते.