बंदुकीची नळी वाचली, शिसे रक्तात आले: काडतुसाच्या टोपीची गोष्ट

घरी काडतुसे भरणे म्हटले की पहिली भीती वाटते ती स्फोटाची. ती रास्तच आहे. पण या छंदात एक धोका असा आहे की त्याचा आवाज होत नाही, वास येत नाही आणि तो बहुतेक वेळा साफसफाई करतानाच शरीरात शिरतो. तो म्हणजे शिशाची धूळ. ती या टेबलावर आली कुठून, हे समजायला दोनशे वर्षे मागे जावे लागते.

आधी एक खुलासा. भारतात परवान्याशिवाय काडतुसे तयार करणे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र हा जुना आणि कायदेशीर छंद आहे. उडवलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी साफ करायची, तळाची जळलेली टोपी काढून नवी बसवायची, मोजून दारू भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. गॅरेजमधल्या एका टेबलावर हे सगळे चालते.

चकमकीकडून पाऱ्याकडे

जुन्या बंदुकीत चकमकीच्या ठिणगीने दारू पेटायची. पाऊस आला की ठिणगी पडत नसे. १८०० साली एडवर्ड हॉवर्ड या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने मर्क्युरी फल्मिनेट या पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले. हे पाऱ्याचे संयुग नुसत्या ठोक्याने फुटते. प्रयोग करताना खुद्द हॉवर्डलाही इजा झाली होती. पुढे अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने असा ठोक्याने पेटणारा पदार्थ बंदुकीत वापरला आणि १८०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता, आणि चकमकीचा उजेड दिसताच पक्षी उडून जात!

यातूनच पुढे तांब्याची छोटी टोपी आली. १८६० च्या दशकात ती पितळी पुंगळीच्या तळाशी जाऊन बसली आणि आजचे काडतूस तयार झाले. त्यात दोन पद्धती होत्या. अमेरिकन हायरम बर्डन याच्या पद्धतीत टोपीखाली साधारणपणे दोन बारीक छिद्रे असतात, तर इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर याच्या पद्धतीत मधोमध एकच. एका छिद्रातून सरळ सळई घालून जळलेली टोपी सहज ढकलता येते. म्हणून अमेरिकेत इंग्रजाची पद्धत रुजली आणि घरी काडतुसे भरणे सोपे झाले. १८७० च्या दशकात तिथले रानरेडे मारणारे शिकारी तळावर बसून आपली काडतुसे पुन्हा भरत.

पितळ वाचवायचे की लोखंड?

काळ्या दारूच्या जागी धूर न करणारी नवी दारू आली, तेव्हा पाऱ्याची अडचण ठळक झाली. काळ्या दारूची राख भरपूर असे, तिच्यात पारा विखुरला जाई. नव्या दारूत राख नव्हती. पारा थेट पितळाला भिडू लागला आणि पुंगळ्या ठिसूळ होऊन तडकू लागल्या.

मग टोपीत पोटॅशियम क्लोरेटवर भर दिला गेला. ते जळल्यावर पोटॅशियम क्लोराइड उरते, म्हणजे आपल्या मिठाचाच भाऊबंद. ते हवेतले पाणी ओढून घेते आणि नळीला गंज चढतो. म्हणून त्या काळचे सैनिक गोळीबार संपला की नळीत गरम पाणी ओतून ती धूत. नुसते तेल लावून भागत नसे, कारण मीठ तेलात विरघळत नाही.

यावर उपाय निघाला तो १९२० च्या दशकात, जर्मनीत. तिथे लेड स्टिफनेट आणि बेरियम नायट्रेटवर आधारलेली टोपी बाजारात आली. पुंगळी तडकत नाही, नळी गंजत नाही! पुढच्या दोन-तीन दशकांत ही टोपी जगभर पसरली. बंदुकीची निगा राखणे सोपे झाले.

पण लेड म्हणजे शिसे. प्रत्येक टोपी फुटताना शिशाचे सूक्ष्म कण तयार होतात. काही हवेत जातात, काही पुंगळीच्या आत काजळीसारखे चिकटून बसतात. धातूचे नुकसान थांबले आणि तो भार माणसाच्या अंगावर आला. गोळीतले शिसे डोळ्यांना दिसते, टोपीतले दिसत नाही, आणि म्हणूनच ते विसरले जाते.

धुळीचा धडा

शिसे विषारी आहे हे प्राचीन काळापासून ठाऊक होते. ते शरीरात नेमके कसे जाते याबद्दल मात्र गैरसमज होता. कामगार हात न धुता जेवतात, चूक त्यांचीच, असे कारखानदार म्हणत. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील डॉक्टर अ‍ॅलिस हॅमिल्टन इलिनॉय राज्यातल्या कारखान्यांत आणि कामगारांच्या घरी स्वतः फिरल्या. मुख्य वाट धूळ आणि वाफ यांची आहे, ती श्वासावाटे जाते, हे त्यांनी दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात त्यांनी स्फोटकांच्या कारखान्यांचीही पाहणी केली. १९१९ मध्ये त्या हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला अध्यापक झाल्या.

कारखान्यांसाठी पुढे कायदे झाले. घरच्या टेबलावर मात्र तपासनीस येत नाही.

शरीरात काय होते?

शरीराला शिसे आणि कॅल्शियम यांतला फरक नीट कळत नाही. रक्तातले शिसे काही आठवड्यांत कमी होते, पण बराच भाग हाडांत साठतो आणि तिथे दशकानुदशके राहतो. गरोदरपणात हाडांतले कॅल्शियम बाहेर पडते, तेव्हा त्याच्याबरोबर हे जुने शिसेही निघते आणि बाळापर्यंत पोचते.

मोठ्या माणसात थकवा, चिडचिड, डोकेदुखी, बद्धकोष्ठता, पोटात कळा, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब, हातापायांत अशक्तपणा आणि मूत्रपिंडाचे विकार दिसू शकतात. अनेकदा सुरुवातीला काहीच जाणवत नाही. मुलांमध्ये तर मेंदूच्या वाढीवर आणि शिकण्यावर परिणाम होतो. गिळलेल्या शिशापैकी मुले मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त भाग शोषून घेतात, आणि रांगणाऱ्या मुलाचे हात सतत तोंडात असतात.

मुलांच्या रक्तात किती शिसे आढळले तर लक्ष घालायचे, याचा अमेरिकेतला आकडा उतरतच गेला आहे. दर डेसिलिटरला तो १९८५ मध्ये २५ मायक्रोग्रॅम होता, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ पासून ३.५ आहे. याचा अर्थ ३.५ च्या खाली सगळे सुरक्षित, असा नाही. शिशाची सुरक्षित मानता येईल अशी पातळी आजवर सापडलेली नाही.

साफसफाई करतानाच खरी काळजी

पुंगळ्या चकचकीत करायला थरथरणारे यंत्र वापरतात. त्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा असतो. पुंगळीतली शिशाची काजळी या भुग्यात उतरते. झाकण उघडून भुगा चाळला की धूळ उडते, आणि धोका सर्वात जास्त असतो तो याच क्षणी.

• पुंगळ्या पाण्यात धुण्याची पद्धत अधिक चांगली. ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये.
• कोरडा भुगा वापरायचाच असेल तर घराबाहेर, झाकण लावून, योग्य मास्क घालून. भुगा वेळच्या वेळी बदलावा.
• टेबल आणि यंत्र ओल्या फडक्याने पुसावे. झाडू किंवा घरचा साधा व्हॅक्यूम क्लीनर नको, त्याने बारीक धूळ पुन्हा हवेत जाते.
• टेबलाजवळ खाणे, पिणे, तंबाखू, सिगारेट नको. काम संपल्यावर हात-तोंड साबणाने धुवावे. कपडे आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात, कपडे वेगळे धुवावेत.
• शिसे वितळवून गोळ्या ओतणे घरात नकोच. वितळलेल्या शिशात पाण्याचा थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसे अंगावर उडते.
• मुले आणि गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

स्फोटाबाबतचे नियमही विसरू नयेत. डोळ्यांवर चष्मा हवा. टोप्या मूळ खोक्यातच ठेवाव्यात. दारू छापील तक्त्याप्रमाणेच आणि तपासलेल्या काट्यावर मोजावी. एका पुंगळीत दोनदा दारू पडली तर बंदूक हातात फुटू शकते.

आपल्याकडे याचा संबंध काय?

आपल्याकडे हे टेबल नसले तरी शिसे आहे. एअर रायफलच्या छर्‍यांत शिसे असते. पॉइंट टू-टू रायफलच्या काडतुसात ते गोळीत असते आणि बहुधा दारू पेटवणाऱ्या मिश्रणातही. कोल्हापूर-पुण्याच्या नेमबाजांकडे पाहून आज कितीतरी मुले या खेळाकडे वळत आहेत. त्यांनी खेळावेच. फक्त छर्रे ओठांत धरू नयेत, सरावानंतर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये आणि बंद रेंजमध्ये हवा खेळती आहे का हे पालकांनी पाहावे. रेंज झाडणाऱ्या कर्मचाऱ्याचा धोका खेळाडूपेक्षाही जास्त असू शकतो.

शंका असेल तर रक्तातील शिशाची तपासणी करता येते. पातळी वाढलेली आढळली तर पहिला उपचार म्हणजे शिशाचा स्रोत बंद करणे. शिसे बाहेर काढणारी औषधे फक्त ठरावीक रुग्णांना, डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. 'डिटॉक्स'च्या नावाने मिळणारे चूर्ण किंवा काढे घेऊ नयेत.

१७०० साली बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला त्याचा व्यवसाय जरूर विचारा, असा त्याचा आग्रह होता. आज त्यात छंदाचीही भर घालायला हवी. पोटदुखी किंवा रक्तक्षयाचे कारण सापडत नसेल, तर सुट्टीच्या दिवशी तुम्ही काय करता हे डॉक्टरांना सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.