वाद्य जुनें झालें म्हणजे गोड होतें काय ?

गायनवादनाची आवड असलेल्या आपल्या घरांतून एक समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. तंबोरा असो, सतार असो, व्हायोलिन असो कीं तरुणांच्या हातीं आलेली गिटार असो, वाद्य जितकें जुनें आणि जितकें अधिक वाजलेलें, तितका त्याचा आवाज गोड, असें आपण मानतों. रत्नागिरीच्या माणसास हा समज विशेष सहज पटतो. येथील जुन्या घरांच्या फणसाच्या तुळया वर्षानुवर्षें धूर सोसून अधिकच पक्क्या झाल्या, हें त्यानें पाहिलेलें असतें. तंजावरची वीणाही फणसाच्याच लाकडाची करितात, हें त्यानें ऐकलेलें असतें. मग वाद्याच्या लाकडानेंही तसेंच कां पिकूं नये ? परंतु तुळईचें काम भार वाहण्याचें आणि वाद्याच्या लाकडाचें काम कंप पावण्याचें. एकीचा न्याय दुसऱ्यास लावण्यापूर्वीं इतिहास काय सांगतो तें पाहणें बरें. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाहीं. घराच्या कोपऱ्यांत गवसणी घालून उभ्या केलेल्या तंबोऱ्याचें भवितव्य त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि नवें वाद्य घडविणाऱ्या कारागिराची भाकरीही.

महाराष्ट्रांत तंतुवाद्यांचा विषय निघाला म्हणजे रत्नागिरीकरास आंबा घाट चढून, कोल्हापूर मागें टाकून मिरजेस जावें लागतें. पटवर्धन संस्थानिकांच्या या गांवीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब नांवाचे कारागीर सतारी व तंबोरे करूं लागले. घराणें शिकलगारांचें, हत्यारांस धार लावणें हा त्यांचा पिढीजाद धंदा. इंग्रजी अंमल स्थिर झाला, लढाया थांबल्या आणि त्या धंद्याचें काम सरत आलें. चांगलीं वाद्यें तेव्हां उत्तरेंतून येत आणि बिघडलीं म्हणजे मोठी पंचाईत होई. दरबारच्या अशा वाद्यांच्या दुरुस्तींतून मिरजेची ही विद्या उदयास आली, असें तेथील परंपरा सांगते. या विद्येचा आरंभ दुरुस्तींतून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढील सर्व विवेचनाचें मर्म तिच्यांतच आहे.

मिरजेच्या तंबोऱ्यास भोपळा येतो तो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनें. तो वेलावर जून होऊं देतात, मग महिनोन्‌महिने वाळवितात, पुन्हां भिजवून कापतात व त्यास घाट देतात. दांडी व तबली यांसाठीं तून नांवाच्या झाडाचें हलकें, तांबूस लाकूड वापरतात; तेंही आधीं चांगलें वाळलेलें असावें लागतें. ओलसर लाकूड पुढें आकसतें, पिळतें, आणि मग सांधे उघडतात. म्हणजे काळाचा उपयोग आहे खरा. पण तो वाद्य होण्यापूर्वींचा. वय हवें तें लाकडाचें, वाद्याचें नव्हे. या कसबाचा गौरव म्हणून मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास सन २०२४ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें.

आतां तंबोरा जुना होतो म्हणजे त्याचें काय होतें तें पाहूं. तबलीवर घोडी बसविलेली असते. तिची पाठ वरवर सपाट दिसली तरी तिला अगदीं सूक्ष्म उतार असतो, आणि तार त्या उतारावर स्पर्श करीत करीत कंप पावते. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा जो धागा सरकवितात त्यास ‘जीव’ म्हणतात, आणि तें नांव यथार्थ आहे. सन १९२१ मध्यें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं तंबोरा व वीणा यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तो बिंदु ज्या उपस्वरांत निश्चल राहतो ते उपस्वर ऐकूं येऊं नयेत, असा पदार्थविज्ञानाचा जुना नियम आहे. तंबोऱ्यांत मात्र ते स्पष्ट ऐकूं येतात; आणि याचें कारण घोडीची ती विशिष्ट पाठ, असें रामन यांनीं दाखविलें. ज्याला आपण तंबोऱ्याचें गाणें म्हणतों तें मुख्यत्वें या दोन-तीन बोटें रुंदीच्या पृष्ठभागावर वसलेलें आहे.

आणि नेमकी हीच जागा वाजविण्यानें झिजते. तारांचे चरे पडतात, नाद बसतो, आणि कारागिरास घोडी कानशीनें घांसून जवारी पुन्हां काढावी लागते. पुष्कळदां घांसून पातळ झालेली घोडीच मग बदलावी लागते. तारांचें आयुष्य तर त्याहून थोडें. खुंट्या सैल होतात. तारांच्या ताणाखालीं तबली हळूहळू दबते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) यांचें मिरजेंत दीर्घकाळ वास्तव्य होतें. तंबोरा सुरांत मिळविण्याबद्दल त्यांची ख्याति होती, आणि वाद्य दुरुस्त करण्याची विद्याही त्यांना अवगत होती. या दोन गोष्टी एकाच पुरुषाच्या ठायीं असाव्यात यांत योगायोग नाहीं. वाद्य आपोआप पिकेल म्हणून ते थांबले नाहींत. तें बोलतें ठेवण्याचे श्रम त्यांनीं घेतले.

हा अनुभव केवळ आपल्याच वाद्यांपुरता आहे काय ? गोव्याच्या चर्चमधून आपल्या किनाऱ्यावर रुळलेल्या व्हायोलिनचा इतिहास पाहतां तसें दिसत नाहीं. इटलींतील क्रेमोना येथील स्त्रादिवारी १७३७ मध्यें वारले. त्यांच्या वाद्यांस आज कोट्यवधि रुपये पडतात. परंतु जीं वाद्यें आज वाजतात तीं बहुतेक त्यांनीं घडविलीं तशीं राहिलेलीं नाहींत. मोठ्या सभागृहांत आवाज पोंचावा म्हणून पुढील काळांत त्यांच्या माना बदलण्यांत आल्या, पोटांतील आधाराची पट्टी अधिक भक्कम बसविण्यांत आली, ताराही बदलल्या. आपण ज्यास तीनशें वर्षांचा आवाज म्हणतों त्यांत पुष्कळ हातांचें नवें काम मिसळलेलें आहे.

शिवाय तो आवाज खरोखरच ओळखूं येतो काय, हेंही पारखलें गेलें आहे. फ्रान्सच्या फेलिक्स साव्हार यांनीं १८१९ मध्यें सरळ फळ्यांचें, पेटीसारखें एक व्हायोलिन केलें. पॅरिसच्या विद्वानांच्या समितीपुढें तें आणि एक उत्तम जुनें व्हायोलिन दृष्टीआड वाजविण्यांत आलें, तेव्हां ऐकणारांस दोहोंतील भेद सांगतां आला नाहीं. अमेरिकेंत इंडियानापोलिस येथें २०१० मध्यें २१ वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे घालून सहा व्हायोलिनें वाजवावयास दिलीं. तीन नवीं, तीन जुन्या इटालियन उस्तादांचीं. सर्वांत अधिक पसंती एका नव्यास मिळाली, आणि सर्वांत कमी एका स्त्रादिवारीस. पुढें पॅरिसजवळ दहा नामांकित वादकांनीं बारा वाद्यें अशींच पारखलीं. दहांपैकीं सहांनीं आपल्या दौऱ्यासाठीं नवें वाद्य निवडलें.

वाजविण्यानें वाद्य ‘खुलतें’, या समजाचीही परीक्षा झाली आहे. ऑस्ट्रेलियांत एकाच कारागिरानें, शक्य तितक्या एकसारख्या लाकडाचीं दोन व्हायोलिनें केलीं. एक सिडनीच्या संग्रहालयांत ठेविलें, दुसरें एका व्यवसायी वादकानें नियमानें वाजविलें. तीन वर्षांनंतर, २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणें, वादकांना किंवा श्रोत्यांना त्यांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. गिटारीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. पोलादी तारांच्या गिटारीची पातळ फळी सत्तर किलोंच्या आसपास ताण अहोरात्र सोसते. तांतीच्या किंवा नायलॉनच्या तारांच्या गिटारीवर ताण कमी, पण तिची फळीही अधिक नाजूक. स्पेनचे विख्यात वादक सेगोविया यांनीं जर्मनींतील हाउझर यांची १९३७ सालची गिटार सुमारें पंचवीस वर्षें वाजविली आणि मग नव्या गिटारी जवळ केल्या. ती जुनी गिटार आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत आहे.

मग हा समज निव्वळ भ्रम म्हणावा काय ? तसेंही नाहीं. लाकडांतील कांहीं घटक काळानें विघटित होतात. त्यामुळें तें किंचित् हलकें होतें व हवेंतील ओल कमी शोषतें. नवें वाद्य पहिल्या कांहीं महिन्यांत ताणाखालीं स्थिरावतें, हेंही खरें. पण या समजास बळ देणारीं दोन कारणें निराळींच आहेत. एक असें कीं, वाईट वाद्यें जगत नाहींत. शंभर वर्षांपूर्वींचे बेसूर तंबोरे केव्हांच मोडले, कोणी चुलींत घातले. जे सुरेल होते त्यांचीच निगा राहिली व तेच आपल्यापर्यंत पोंचले. आपण त्यांच्या गोडीचें श्रेय त्यांच्या वयास देतों, तें वस्तुतः त्यांच्या मूळ घडणीस द्यावयास हवें. दुसरें कारण असें कीं, रोज वाजविण्यानें बदलतो तो वाजविणारा. त्याची बोटें त्या वाद्याच्या खोडी ओळखूं लागतात, कान त्याच्या नादास सरावतो, आणि आपल्या हातांतील सुधारणा तो प्रामाणिकपणें लाकडाच्या नांवें मांडतो.

या विचारांतून रत्नागिरीकराने घ्यावयाचा बोध अगदीं व्यवहारांतला आहे. येथें जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. त्या दमट हवेंत सरस सुटतो, भोपळ्यास बुरशी येते, कीड लागते, तारा गंजतात. आजोबांचा तंबोरा आपोआप मुरत आहे अशा समाधानांत गवसणी न उघडली, तर तो मुरत नाहीं, कुजतो. पावसाळ्यापूर्वीं त्याच्या तारा उतरवाव्या, भिंतीच्या ओलीपासून तो दूर ठेवावा, आठवड्यांतून एकदां तरी गवसणी काढून पुसावा, आणि पाऊस सरला कीं जाणत्या कारागिराकडून जवारी काढून घ्यावी. वाजविण्याचा खरा लाभ येथें आहे : वाजतें वाद्य रोज कोणाच्या तरी दृष्टीखालीं राहतें, आणि त्याचें दुखणें वेळींच कळतें.

दुसरा बोध नव्या वाद्यासंबंधीं आहे. ‘जुन्याची सर नव्यास नाहीं’ असें म्हणून आपण भाव पाडतों, तेव्हां महिनोन्‌महिने भोपळा वाळविणाऱ्या, कानावर भरंवसा ठेवून जवारी काढणाऱ्या हातांवर अन्याय होतो. हे हात थांबले तर नवे तंबोरे होणार नाहींत, एवढेंच नव्हे. जुनेही मुके होतील, कारण ते बोलते ठेवणारे हात हेच आहेत. ज्यास आपण जुनें वाद्य म्हणतों तें वास्तविक पुन्हां पुन्हां नवें केलेलें वाद्य असतें. काळ त्यास गोडी देत नाहीं. गोडी देतो तो घडविणारा, आणि टिकवितो तो सांभाळणारा.