जकात नाका, दस्तक आणि रॅकमधला डबा

आमच्या सुरगाण्याच्या शाळेत ऑफिसच्या मागे एक अडगळीची खोली आहे. पूर्वी तिथे नकाशे, पृथ्वीचा गोल आणि मोडकी बाकं असायची. काही वर्षांपूर्वी तिथल्या भिंतीला काचेच्या दाराचं एक लोखंडी कपाट ठोकलं गेलं. वर फायबरची पेटी, मध्ये स्विच आणि खाली एक चपटा, काळा डबा. बिलावर त्याचं नाव ‘रॅकमाउंट नेटवर्क सिक्युरिटी अप्लायन्स’ असं होतं. आमचे शिपाईमामा त्याला ‘लाइटीचा डबा’ म्हणतात. मी मराठी-उर्दूचा मास्तर, बी.एड. झालेला माणूस. मला त्यातलं मामांपेक्षा जास्त काही कळत नव्हतं.

मग एका सोमवारी सकाळी ऑफिसच्या कॉम्प्युटरवरची एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजीत पैशांची मागणी. शिष्यवृत्तीसाठी स्कॅन केलेले चाळीसएक मुलांचे जातीचे दाखले, गुणपत्रकं, बँकेची पासबुकं, सगळं कुलूपबंद. दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. आता हे दाखले परत आणायचे म्हणजे काय, ते तालुक्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्या मुलांचे आईबाप पाऊस संपला की दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांत कामाला जातात. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत एका कागदासाठी गावी यायचं म्हणजे मजुरी बुडते आणि गाडीभाडं पदरचं जातं. काही पालक आले, काही आलेच नाहीत. जे आले नाहीत, त्यांच्या मुलांचे अर्ज त्या वर्षी राहिले ते राहिलेच.

दिवाळीत आमचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. नाशिकला नेटवर्कचं काम करतो. मी त्याला कपाट दाखवलं. त्याने दार उघडलं, केबली बोटाने चाचपल्या आणि हसला. “सर, पहारेकरी बसवलाय खरा, पण रस्ता त्याच्या पाठीमागून गेलाय.”

फायबरच्या पेटीतून निघालेली केबल थेट स्विचमध्ये गेली होती. डब्याला वीज होती, पंखा फिरत होता, स्विचमधून आलेली एक वायर त्याच्या एका खाचेत खोचलेली होती म्हणून दिवेही लुकलुकत होते. पण शाळेत येणारं-जाणारं काहीच त्याच्यातून जात नव्हतं. बसवणाऱ्याने चार स्क्रू पिळले, फोटो काढला, सही घेतली आणि गेला. सही माझीच होती. शिवाय ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दुरून काम करण्याची सोय कोणीतरी चालू ठेवली होती आणि ती साऱ्या जगाला उघडी होती. त्या सहीने मला या डब्याचा इतिहास वाचायला लावलं.

सुरुवात मला ओळखीच्या शब्दापासूनच करता आली. मराठीतली ‘जकात’ मूळ अरबी ‘ज़कात’वरून आली. धर्मातलं ते दान बाजूला राहिलं आणि आपल्या भाषेत हा शब्द नाक्यावर मालावर घेतल्या जाणाऱ्या करासाठी रूढ झाला. आमचा मुलूख तर वाटेवरचाच. १९४८ पर्यंत सुरगाणा हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं, एका अंगाला नाशिकचं पठार, दुसऱ्या अंगाला गुजरात आणि डांग. आमच्याच तालुक्यातला हातगड आजही सापुताऱ्याच्या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. घाटवाटेवरच्या नाक्यावर विचारायचे प्रश्न ठरलेले असत: कुठून आलात, कुठे निघालात, काय माल आहे, कोणाचा परवाना आहे?

फायरवॉल नेमके हेच प्रश्न विचारतो. इंटरनेटवरचा मजकूर लहान लहान पाकिटांत विभागून प्रवास करतो. प्रत्येक पाकिटावर कुठून निघालं, कुठे जायचं आणि कोणत्या दारावर ठोठवायचं हे लिहिलेलं असतं. नाक्यावरचा कारकून पाकिटावरचा पत्ता वाचतो, आपल्या यादीशी ताडून पाहतो आणि सोडतो किंवा अडवतो.

पण नुसता परवाना वाचणारा नाका किती फसू शकतो, हे आपल्या इतिहासाने फार आधी दाखवलं आहे. १७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियरने ईस्ट इंडिया कंपनीला बंगालात वर्षाला ३,००० रुपयांच्या बदल्यात जकातमुक्त व्यापाराचं फर्मान दिलं. कंपनीच्या मालाबरोबर ‘दस्तक’ नावाचा परवाना असे. तो दाखवला की नावा न तपासता सुटत. मग कंपनीचे नोकर आपल्या खासगी मालावरही तोच दस्तक लावू लागले. कागद खरा आणि माल भलताच. स्थानिक व्यापारी जकात भरून बुडाले. नवाब मीर क़ासिमने वैतागून १७६३ मध्ये सगळ्यांचीच जकात माफ केली. त्यातून लढाई पेटली आणि २२ ऑक्टोबर १७६४ ला बक्सरच्या रणात तिचा निकाल लागला. दस्तकाचा गैरवापर हे त्या युद्धाचं एक मोठं कारण होतं. विश्वासातल्या माणसाचा परवाना परक्याच्या हाती लागला तर काय होतं, याचं याहून मोठं उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता त्या लोखंडी कपाटाविषयी. या कपाटाची १९ इंच रुंदी कॉम्प्युटरवाल्यांनी ठरवलेली नाही, ती टेलिफोनवाल्यांची. अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीने १९२२ च्या सुमारास एक्स्चेंजमधली जागा वाचावी म्हणून हे माप घेतलं. पुढे १९६५ मध्ये तेच उद्योगाचं प्रमाण झालं. उंचीचं माप ‘यू’मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच, ४४.४५ मिलिमीटर. म्हणून जगाच्या पाठीवर कुठेही बनलेला डबा सुरगाण्यातल्या कपाटात बसतो. शंभर वर्षांत यंत्रं सगळी बदलली, पण खाचेचं माप तेच राहिलं.

इंटरनेटच्या पहिल्या दिवसांत मात्र नाकाच नव्हता. विद्यापीठं आणि प्रयोगशाळा एकमेकांना ओळखत, दारं उघडीच असत. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने स्वतःहून पसरणारा एक प्रोग्रॅम सोडला. तेव्हा इंटरनेटला जोडलेली यंत्रं सुमारे ६०,०००. त्यांतली दहावा हिस्सा, म्हणजे ६,००० च्या आसपास, आजारी पडली असा अंदाज त्या वेळी सांगितला गेला. त्यानंतर दारांविषयी गांभीर्याने विचार सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीतले इंजिनिअर पाकिटं तपासण्याच्या कामात आधीच लागले होते. १९९० नंतर असे पहारेकरी बाजारात विकायला आले.

१९९४ च्या सुमारास दोन गोष्टी घडल्या. इस्रायलच्या चेक पॉइंट कंपनीने असा फायरवॉल आणला, की जो नुसतं पाकीट वाचत नाही, संभाषण लक्षात ठेवतो. आतल्या माणसाने प्रश्न विचारला असेल तरच बाहेरचं उत्तर आत येतं. न विचारलेलं उत्तर घेऊन कोणी आलं, तर परवाना कितीही खरा दिसो, तो बाहेरच. बंगालच्या नवाबाच्या नाक्यावर असा कारकून असता तर! दुसरी गोष्ट म्हणजे ‘पिक्स’ नावाचा डबा. तो मुळात इंटरनेटवरचे पत्ते कमी पडू लागले म्हणून बनवला गेला. एका ऑफिसातले अनेक टेलिफोन जसे एका बोर्डामागे असतात, तशी अनेक यंत्रं एका पत्त्यामागे ठेवायची, ही त्यामागची कल्पना. १९९५ मध्ये सिस्को कंपनीने तो बनवणारी कंपनीच विकत घेतली. सॉफ्टवेअर आणि यंत्र एकाच डब्यात घालून रॅकमध्ये बसवायची पद्धत तिथून रुळली.

आपल्याकडे मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेतून १९८० च्या दशकातच ई-मेल सुरू झाली होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलकडून. पुढे आपल्या शेजारीच, अहमदाबादेत, ‘सायबरोम’ नावाचे रॅकमधले डबे बनू लागले. २०१४ मध्ये सोफॉस या ब्रिटिश कंपनीने ती कंपनी घेतली. पण त्याआधी, २०१२ मध्ये, एक धडा मिळाला होता. कुलूपबंद संभाषण उघडून तपासण्यासाठी त्या डब्यांत एक गुप्त किल्ली असे आणि ती सगळ्या डब्यांत एकच होती. टोर प्रकल्पाच्या लोकांनी हे उघड केलं. थोड्याच दिवसांत ती किल्ली कोणीतरी जाहीरही केली. मग कंपनीने प्रत्येक डब्याला वेगळी किल्ली देणारी दुरुस्ती पाठवली. कारखान्यातून आलेली किल्ली आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड ही साऱ्या गावाला माहीत असलेली किल्ली असते, एवढं यातून घ्यायचं.

आणि पुण्याची कॉसमॉस बँक तर सगळ्यांना आठवत असेल. १९०६ साली स्थापन झालेली जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८ ला २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले. १३ तारखेला आणखी एक मोठी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये. कार्ड आलं की ‘खात्यात पैसे आहेत का?’ हा प्रश्न बँकेच्या मुख्य यंत्रणेकडे जायला हवा. चोरांनी मध्येच एक खोटी यंत्रणा उभी केली होती. तीच ‘हो, द्या’ असं उत्तर देत राहिली. मुख्य यंत्रणा जागेवर होती, पण रस्ता वळवलेला होता. आमच्या शाळेत कोणी चोराने नाही, आळसाने वळवला. फरक एवढाच.

दिवाळीच्या त्याच सुट्टीत विद्यार्थ्याने डबा नव्याने बसवला. मी आणि शिपाईमामा बॅटरी धरून उभे होतो. काय केलं ते लिहितो, कारण अनेक शाळांत, पतसंस्थांत, दवाखान्यांत असे डबे आहेत.

आधी वीज बंद केली आणि प्लग उपसला. हातातली स्थिर वीज जावी म्हणून मनगटाला पट्टा बांधून त्याची वायर कपाटाच्या उघड्या लोखंडाला लावली. डबा नुसत्या पुढच्या दोन कानांवर लोंबकळत होता. त्याने खाली आधाराचा ट्रे टाकला, चौकोनी भोकांत नट बसवले आणि चारही स्क्रू सारखे आवळले. डब्यामागे हवा जायला जागा मोकळी केली, कारण पंख्याची गरम हवा मागून बाहेर पडते आणि तिथेच आम्ही जुनी वेळापत्रकं कोंबली होती. डब्याच्या एका रिकाम्या खणावरची पत्र्याची पट्टी काढून त्यात फायबरचं छोटं मॉड्यूल सरकवलं. मग अर्थिंग. आमच्याकडे पाऊस आणि विजा दोन्ही भरपूर. कपाटाची अर्थिंगची हिरवी वायर कुठेच जोडलेली नव्हती, नुसती भिंतीमागे सोडून दिली होती. ती इमारतीच्या अर्थिंगला जोडली. डबा यूपीएसवर घेतला.

त्यानंतर केबली. बाहेरून येणारी पहिल्या खाचेत, ऑफिस दुसऱ्या, मुलांची कॉम्प्युटर लॅब तिसऱ्या. लॅब आणि ऑफिस वेगळं, म्हणजे मुलांच्या यंत्रात शिरलेलं काही दाखल्यांपर्यंत पोहोचू नये. मग लॅपटॉपला कन्सोलची केबल लावून त्याने आधी कारखान्याचा पासवर्ड बदलला, घड्याळाची वेळ दुरुस्त केली, नवं फर्मवेअर घातलं. नियमांची यादी त्याने खालून लिहायला घेतली. सर्वांत खालची ओळ, ‘कोणालाच सोडू नये.’ तिच्या वर एकेक सवलत, कारणासह. दुरून काम करण्याची ती उघडी सोय बंद. शेवटी सगळ्या मांडणीची एक प्रत वेगळी काढून ठेवली.

“आता परीक्षा,” असं म्हणून त्याने मामांना डब्याचा प्लग काढायला सांगितलं. ऑफिसातलं इंटरनेट बंद पडलं. “सर, हे बंद पडलं म्हणजे बरोबर. डबा बंद करूनही नेट चालू राहिलं, तर तो वाटेवर नाही.” काही मोठ्या डब्यांत वीज गेल्यावर वाट मोकळी सोडण्याची सोय मुद्दाम दिलेली असते, तेवढा अपवाद. पण शाळेतल्या साध्या डब्याला ही परीक्षा कोणीही घेऊ शकतो. ती घ्यायला इंग्रजी लागत नाही. सही करण्याआधी मी ती घेतली असती, तर दोन मिनिटं लागली असती.

हा डबा सगळं अडवत नाही, हेही त्याने बजावलं. पेनड्राइव्हमधून आलेलं त्याला दिसत नाही. म्हणून दाखल्यांच्या दोन प्रती आता वेगळ्या हार्ड डिस्कवर असतात, त्यांतली एक शाळेबाहेर. पासवर्ड बंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मामा प्लग काढतात, मी ऑफिसात बसून नेट गेलं का ते पाहतो आणि रजिस्टरमध्ये तारीख टाकून दोघं सह्या करतो.

त्या वर्षी ज्यांचे अर्ज राहिले, त्यांतली दोन मुलं पुढच्या जूनमध्ये शाळेत आली नाहीत. कारणं इतरही असतील. मी त्यांच्या पाड्यावर जाऊन आलो. एक जण वडिलांबरोबर बागेत कामाला लागला होता. दुसऱ्याला पुन्हा वर्गात आणता आलं. त्याचा नवा दाखला मी स्वतः स्कॅन केला आणि तिन्ही ठिकाणी नीट पोहोचला की नाही, हे पाहूनच घरी गेलो.