पुसले तरी उरले

दप्तरातून एखाद्याचे नाव कमी केले म्हणून त्याची जमीन नाहीशी होत नाही, हे महसूल खात्याशी ज्याचा एकदा तरी संबंध आला आहे त्याला सांगावे लागत नाही. सातबाऱ्यावरचे नाव गेले तरी बांध जागच्या जागी असतो, विहीरही तशीच असते. बदल होतो तो कागदावर. वैयक्तिक संगणकांच्या पहिल्या पिढीने फाइल पुसण्याचे काम नेमके याच रीतीने केले. आणि ते तसे केले म्हणूनच पुढे एक सबंध व्यवसाय उभा राहिला. हिशेब करणे, पत्रे लिहिणे ही संगणकाची मिरवण्याजोगी कामे. परंतु चकती धड आहे की नाही हे पाहणे, प्रती काढणे, अडगळ झाडणे, हरवलेले शोधून देणे ही त्याची घरकामे होत. ती करणाऱ्या लहान लहान प्रोग्रॅमांना 'युटिलिटी' हे नाव पडले. घरकामाचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. युटिलिटींचेही तसेच झाले आहे.

या कथेचा आरंभ कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे होतो. तेथील नौदलाच्या पदव्युत्तर विद्यालयात अध्यापन करणाऱ्या गॅरी किल्डॉल यांनी १९७४ साली लहान संगणकांसाठी 'सीपीएम' नावाची कार्यप्रणाली तयार केली. चकतीवर फाइली कोठे ठेवायच्या, त्या कशा शोधायच्या आणि कशा पुसायच्या, याची सारी व्यवस्था ती पाही. त्या काळची फ्लॉपी आठ इंचांची, पातळ आणि लवचीक. तिच्यावर सुमारे अडीच लाख अक्षरे मावत, म्हणजे शंभर-सव्वाशे छापील पानांचा मजकूर. बहुतेक यंत्रांना दोन खाचा असत. एकीत प्रोग्रॅमांची फ्लॉपी घालावयाची, दुसरीत कामाची.

अशा यंत्रावर नवा प्रोग्रॅम बसविणे म्हणजे आज वाटते तसे एखादे बटण दाबणे नव्हते. प्रथम 'पिप' नावाच्या युटिलिटीने त्याची प्रत काढावी लागे. पिपची रीत अशी की, जेथे न्यावयाचे ते स्थळ आधी लिहावयाचे आणि जेथून आणावयाचे ते मागाहून. पोहोचण्याचे गाव आधी सांगून निघण्याचे गाव नंतर सांगावे, तसा तो प्रकार. नवख्याचा गोंधळ होई आणि चांगल्या फाइलीवर जुनी फाइल येऊन बसे. प्रत निघाली तरी काम संपत नसे. प्रत्येक कारखान्याच्या पडद्याची सांकेतिक भाषा निराळी असल्यामुळे, आपल्याजवळचा पडदा कोणता हे प्रोग्रॅमला सांगावे लागे. 'वर्डस्टार' या प्रसिद्ध लेखन-प्रोग्रॅमसोबत त्यासाठी एक स्वतंत्र युटिलिटी येई आणि ती पडद्यांची यादी दाखवी. यादीत आपला पडदा नसला, तर माहितीपुस्तिका उघडून नेमक्या जागचे अंक स्वतःच्या हाताने बदलावे लागत. प्रोग्रॅम बसविता बसविता माणसाला यंत्राची अंतर्रचना कळू लागे. हे शिक्षण सक्तीचे होते खरे, पण ते वाया गेले नाही.

सीपीएममध्ये प्रत्येक चकतीच्या आरंभी फाइलींची एक नोंदवही असे. एका नोंदीला बत्तीस घरे. पहिल्या घरात वापरणाऱ्याचा क्रमांक, पुढील घरांत फाइलीचे नाव आणि अखेरच्या सोळा घरांत मजकूर चकतीवर कोठकोठे ठेवला आहे याचा तपशील. फाइल पुसण्याची आज्ञा दिली की, यंत्र मजकुराला स्पर्शही करीत नसे. नोंदीच्या पहिल्या घरात २२९ हा अंक लिहून ते मोकळे होई. षोडशमान पद्धतीत हाच अंक 'ई ५' असा लिहितात.

हाच अंक का? आय. बी. एम.च्या धर्तीवर आखलेली कोरी आठ इंची फ्लॉपी काठोकाठ याच अंकाने भरलेली येई. तेव्हा कोऱ्या जागेची खूण आणि पुसलेल्या नोंदीची खूण एकच ठेवली की, यंत्राला एकाच कसोटीवर दोन्ही ओळखता येत. मेमरीचे एकेक घर मोजून वापरण्याच्या त्या दिवसांत ही काटकसर मोठ्या अकलेची होती. मात्र तिचा एक परिणाम असा झाला की, नावही शाबूत, पत्ताही शाबूत आणि मजकूरही शाबूत. ते पहिले घर पूर्ववत केले की फाइल जिवंत! मोठ्या फाइलीच्या नोंदी एकाहून अधिक असत, त्या सगळ्या सुधाराव्या लागत इतकेच.

अर्थात एक अट होती. मधल्या काळात त्या चकतीवर काही नवे लिहिले गेलेले नसावे. पुसलेली जागा यंत्राच्या लेखी पडीक जमीन; पुढची फाइल येईल ती तेथेच पेरणी करणार. एकदा पेरणी झाली की मग जुने पीक कोणत्याही युटिलिटीने उगवत नसे.

ही गोष्ट कारखानदारांनी गिऱ्हाइकांना सांगितली नाही. ती गिऱ्हाइकांनीच एकमेकांना सांगितली. शिकागोचे वॉर्ड ख्रिस्टेन्सन हे त्यांतले अग्रणी. १९७७ साली त्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून फाइली पाठविण्याचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७८ च्या फेब्रुवारीत रँडी सुएस यांच्या साहाय्याने दूरध्वनीने जोडता येणारा संगणकावरील पहिला सार्वजनिक सूचनाफलक सुरू केला. चकतीचा कोणताही भाग उघडून पाहावा आणि हवे ते घर बदलावे, अशी एक युटिलिटीही त्यांनी लिहून सर्वांना मोकळी केली. असे प्रोग्रॅम मंडळामंडळांतून फ्लॉप्यांवर फिरत आणि सोबत त्यांचा मूळ मजकूरही असे. घेणाऱ्याने तो आपल्या यंत्राला जुळवून घ्यावयाचा, चूक आढळली तर दुरुस्त करावयाची आणि पुढे द्यावयाचा. शेजाऱ्याकडून विरजण आणावे, तसा हा व्यवहार चाले.

१९८१ च्या ऑगस्टमध्ये आय. बी. एम.ने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि चित्र पालटले. आता यंत्र कचेऱ्यांत, दुकानांत, वकिलांच्या टेबलांवर गेले. त्याच्या 'डॉस' या कार्यप्रणालीने पुसण्याची जुनी रीत उचलली. अंकही तोच, २२९. परंतु येथे नोंदीचे पहिले घर हे फाइलीच्या नावाचेच पहिले अक्षर होते, त्यामुळे पुसताना ते अक्षर कायमचे जाई. शिवाय मजकुराचा पत्ता आता नोंदीत नव्हता. तो एका स्वतंत्र कोष्टकात, साखळीच्या रूपाने ठेवलेला असे. पहिल्या तुकड्याने दुसऱ्याचा पत्ता सांगावा, दुसऱ्याने तिसऱ्याचा. पुसताना ही साखळी शून्य होई. चकतीवर कोष्टकाच्या दोन प्रती असत, पण यंत्र इमानेइतबारे दोन्ही पुसून टाकी. उरे ते इतके: पहिले अक्षर गाळलेले नाव, तारीख, फाइलीची लांबी आणि पहिल्या तुकड्याचा पत्ता.

एवढ्या धाग्यावरून फाइल परत मिळविण्याचा प्रोग्रॅम पीटर नॉर्टन यांनी १९८२ साली लिहिला. त्यांची स्वतःचीच एक फाइल चुकून पुसली गेली आणि ती पुन्हा टाइप करण्यापेक्षा त्यांनी हा मार्ग पत्करला, अशी हकिकत सांगितली जाते. 'नॉर्टन युटिलिटीज' या नावाने विकल्या गेलेल्या संचातील हा 'अनइरेज' प्रोग्रॅम प्रथम गाळलेले अक्षर विचारी. मालकाला आपल्या फाइलीचे नाव ठाऊक असणारच! मग पहिल्या तुकड्यापासून लांबीइतके सलग तुकडे जोडून पाही. फाइल सलग ठेवलेली असली, तर काम क्षणात होई. ती विखुरलेली असली, तर एकेक मोकळा तुकडा पडद्यावर दाखवून, हा तुमचा का, असे विचारण्यावाचून गत्यंतर नसे. पत्र किंवा लेख असला तर वाचून ओळखता येई. आकड्यांची फाइल असली, तर ओळख पटविणे फार कठीण.

या युटिलिटीचा खरा पेच मात्र ती बसविण्यात होता. फ्लॉपीच्या बाबतीत मार्ग सोपा होता. ज्या फ्लॉपीवरची फाइल गेली ती ताबडतोब बाहेर काढावयाची आणि युटिलिटी दुसऱ्या फ्लॉपीवरून चालवावयाची. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर कागदाची पट्टी चिकटवली की तिच्यावर काही लिहिले जात नसे. (आठ इंचीत नेमके उलटे, तेथे पट्टी काढली म्हणजे लिहिणे बंद!) पण १९८३ च्या मार्चमध्ये दहा मेगाबाइटांची हार्ड डिस्क असलेले यंत्र आले. ही चकती काढता येत नाही आणि तिला चिकटवावयाला पट्टीही नाही. फाइल गेलेली पाहून माणूस गडबडून दुकानात जाई, नॉर्टनचा संच आणी आणि तो मोठ्या आशेने त्याच हार्ड डिस्कवर उतरवी. यंत्र त्याला पडीक जागा देई. ती पडीक जागा म्हणजे अनेकदा हरवलेली फाइलच असे. औषधाची बाटली ठेवण्यासाठी रोग्याला खाटेवरून उतरवावे, त्यातली ही गत! म्हणून जाणकार एकच उपदेश करीत: फाइल गेली की हात कीबोर्डवरून उचला, काही लिहू नका, काही बसवू नका, युटिलिटी फ्लॉपीवरूनच चालवा. ज्याने संकट येण्याआधीच ती बसवून ठेवली, त्याला ही भीती नव्हती.

कारखानदारांकडे यावर काही उपाय नव्हता असे नाही. डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत 'रिकव्हर' नावाची आज्ञा होती; तिच्याइतके फसवे नाव क्वचितच कोणी ठेवले असेल. ती खराब झालेल्या चकतीवरचे तुकडे गोळा करण्यासाठी होती. पुसलेल्या फाइलीशी तिचा संबंध नव्हता. पण नावाला भुलून एखाद्याने ती सबंध चकतीवर चालविली, तर ती धडधाकट फाइलींचीही नावे काढून घेई आणि सर्वांना 'फाइल ०००१', 'फाइल ०००२' असे क्रमांक ठोकून एका रांगेत उभे करी. एक पत्र शोधावयास गेलेल्या माणसाच्या हाती सगळ्या दप्तराचा बेवारशी ढीग येई.

नॉर्टन यांच्यामागोमाग इतर आले. पॉल मेस यांच्या संचाने चुकून नव्याने आखलेली हार्ड डिस्कही सावरण्याची सोय केली. सेंट्रल पॉइंट या कंपनीच्या 'पीसी टूल्स'ने तर पुसलेल्या प्रत्येक फाइलीचा संपूर्ण पत्ता टिपून ठेवणारा पहारेकरी यंत्राच्या मेमरीत कायमचा बसविला. परंतु त्या यंत्रांत प्रोग्रॅमांना मिळणारी मेमरी ६४० किलोबाइटांची. पहारेकऱ्याने ओसरी अडवली की घरातल्यांना जागा अपुरी पडे आणि मोठा प्रोग्रॅम सुरू होईनासा होई. सुरक्षितता की सोय, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या परीने सोडविला. बहुतेकांनी सोय निवडली. १९९० साली नॉर्टन यांची कंपनी सिमँटेकने घेतली. १९९१ मध्ये डॉसच्या पाचव्या आवृत्तीत पुसलेले परत आणण्याची आज्ञा अखेर समाविष्ट झाली, तीही सेंट्रल पॉइंटकडून परवान्याने घेऊन. जी गोष्ट मंडळांतले लोक सत्तरीच्या दशकात फुकट वाटत होते, ती पदरात पाडून घ्यावयाला डॉसच्या कर्त्यांना दहा वर्षे लागली.

या २२९ अंकाची एक उपकथा भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जपानी लिपीच्या संकेतात काही चित्राक्षरांचा आरंभच या अंकाने होतो. त्या अक्षराने सुरू होणारे नाव ठेवले की, यंत्र त्या फाइलीला पुसलेली समजणार! म्हणून जपानी डॉसमध्ये अशा वेळी त्याऐवजी पाच हा अंक लिहून ठेवण्याची पळवाट काढावी लागली. भारतीय लिप्यांचा संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रमाणित केला आणि पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' कार्डाने तो डॉसच्या यंत्रांवर चालू लागला. त्या संकेतात २२९ या अंकावर ओकाराची मात्रा आली आहे. एकटी मात्रा शब्दाच्या आरंभी कधी येत नाही. त्यामुळे देवनागरीवर तो प्रसंग ओढवला नाही. हा योगायोग खरा, पण देवनागरीच्या घडणीनेच तो घडवून आणला.

पुढे १९८३ च्या 'लिसा'ने आणि १९८४ च्या 'मॅकिंटॉश'ने दाखविलेली कचऱ्याची टोपली १९९५ मध्ये विंडोजमध्येही आली आणि पुसलेली फाइल काही काळ तेथे राहू लागली. जुन्या युटिलिटींना त्या वर्षाने आणखी एक धक्का दिला. विंडोज ९५ मध्ये फाइलींना लांब नावे देता येऊ लागली होती. डॉसच्या काळातील दुरुस्तीच्या प्रोग्रॅमांना त्या नावांच्या नोंदी म्हणजे बिघाड वाटे आणि ते ती नावे झाडून टाकत. बसविणाऱ्याला युटिलिटी येत असून भागत नसे, तिचे वयही पाहावे लागे.

आजच्या बहुतेक संगणकांत फिरणारी चकती राहिलेली नाही. तिच्या जागी आलेल्या सॉलिड स्टेट साठ्याला, फाइल पुसली की कार्यप्रणाली 'ट्रिम' या आज्ञेने कळविते की ही जागा आता नको. आणि साठा सवडीने ती जागा खरोखर कोरी करतो. तेथे अनइरेजची विद्या चालत नाही. जुन्या धाटणीने आखलेल्या पेन ड्राइव्हवर आणि कॅमेऱ्याच्या कार्डांवर मात्र पुसलेल्या फाइलीच्या नावाचे पहिले अक्षर आजही २२९ हाच अंक होऊन बसते, आणि हातून छायाचित्रे गेलेल्या माणसाला दुकानदार प्रथम हेच सांगतो की, या कार्डावर आता एकही नवा फोटो काढू नका.