कोरी भिंत

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही नातू आले होते. हॉलमधल्या टेबलाभोवती फोन धरून त्यांची लढाई चालली होती. टेबलावर मला काहीच दिसेना, पण फोनमध्ये डोकावलो तर तिथे चक्क किल्ला! एकाला त्याची पुढची बाजू दिसत होती, समोरच्याला मागची. आपण कुठे उभे आहोत हे त्या फोनला कळतं कसं? मास्तरकीची खोड, शोधत बसलो.

आधी जीपीएस आठवलं. त्याचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. अमेरिकेने नागरी संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या आरंभी काढून टाकली आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगनमध्ये पोर्टलंडजवळ एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. झाला शोधाशोधीचा खेळ सुरू! पण छपराखाली तो क्षीण संदेश धड पोचत नाही, आणि पोचला तरी काही मीटर इकडेतिकडे. टेबलावरच्या किल्ल्याला ते कसं चालावं?

मग आकाश सोडून कॅमेऱ्याचा आधार घेतला गेला. १९९९ मध्ये जपानी संशोधक हिरोकाझू काटो यांनी एआरटूलकिट तयार केलं. जाड काळ्या चौकटीची खूण ठेवायची; तिचे चार कोपरे किती लहान, किती तिरके दिसतात यावरून अंतर आणि कोन काढायचा. शेवटी भूमितीच! व्हिएन्नाच्या तंत्र विद्यापीठात २००४ मध्ये अशाच खुणांवर आगगाडीचा खेळ झाला. रूळ खरे, लाकडी. गाड्या मात्र खेळाडूंच्या हातातल्या छोट्या संगणकांच्या पडद्यावर.

२००७ मध्ये ऑक्सफर्डच्या क्लाइन आणि मरे यांनी मांडलेल्या खुणांचीही गरज संपवली. खोलीतले कोपरे, ठिपके कॅमेऱ्याने आपणच टिपायचे, त्यांचा नकाशा करत जायचं आणि त्याच नकाशात स्वतःला शोधायचं. २०१८ मध्ये ॲपलने एका फोनचा असा नकाशा दुसऱ्या फोनला देण्याची सोय केली. म्हणून दोघांचा किल्ला एकाच जागी!

मुलं खेळत माझ्या खोलीत गेली आणि किल्ला सरकायला लागला. "आजोबा, तुमच्या भिंती अगदी कोऱ्या आहेत. फोनला धरायला काही सापडतच नाही."

ही गेल्यावर खोली रंगवून घेतली होती. फोटो, दिनदर्शिका, तिच्या भरतकामाची चौकट, सगळं ट्रंकेत गेलं. नजरेसमोर नको, असं सगळ्यांचं मत पडलं. तेव्हापासून रात्री जाग आली की आपण कुठे आहोत हेच क्षणभर उमगायचं नाही. मी ते वयावर ढकलत होतो.

दुसऱ्या दिवशी नातवांकडून खिळे ठोकून घेतले. त्यांचा किल्ला जागेवर राहिला. आणि आता पहाटे डोळे उघडले की मला आधी ती चौकट दिसते.